बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पायवाटा : कोणती वाट, कोणत्या ऋतूत?

प्रश्न – नवा कांदिवलीकर

नमस्कार. आम्ही दोन महिन्यांपूर्वी नागपूरहून कांदिवलीला राहायला आलो आहोत. विदर्भातील सागाची जंगले आम्ही पुष्कळ पाहिली, परंतु ती बहुतेक जिप्सीत बसूनच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घरापासून इतके जवळ आहे, तर तेथे प्रत्यक्ष पायी हिंडावे अशी फार इच्छा आहे. माझ्यासोबत 68 वर्षांचे वडील आणि 10 वर्षांची मुलगी असेल. वडिलांची प्रकृती उत्तम आहे, मात्र गुडघ्यांमुळे उंच पायऱ्या त्यांना उतरताना जड जातात. उद्यानात कोणत्या वाटांवर चालता येते, त्यासाठी परवानगी लागते का, आणि कोणत्या महिन्यांत गेल्यास जंगल खऱ्या अर्थाने पाहता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – रानवाट

आपण पायी हिंडण्याचा विचार करत आहात, याचा आनंद वाटला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर असले, तरी सर्वसामान्य पाहुण्याला मोकळेपणाने चालता येते असा भाग त्यात थोडाच आहे. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता सर्वांना खुला असतो आणि वडिलांसाठी तोच सर्वांत सोयीचा आहे. अंतर एका बाजूने सहा-सात किलोमीटर भरते, म्हणून जाताना चालावे आणि येताना बसची सोय आहे का ते आधी विचारून ठेवावे. रस्ता डांबरी आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. दोन्ही बाजूंना साग, ऐन, कुडा, बोंडारा, खैर अशी पानझडी जंगलाची नेहमीची मंडळी उभी आहेत, आणि सकाळी रहदारी कमी असताना भृंगराज व हळद्या हे पक्षी रस्त्यावरूनही सहज दिसतात.

शिलोंड्याची वाट मात्र वेगळी. ती ओढ्याच्या काठाने आणि दगडगोट्यांतून जाते, सावली दाट असते आणि फुलपाखरे विपुल असतात. तेथे स्वतःहून शिरता येत नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून, परवानगी घेऊन आणि मार्गदर्शकासोबतच जावे लागते. जांभुळमाळ हे सुमारे 468 मीटर उंचीचे उद्यानातील सर्वोच्च ठिकाण आहे, पण तेथवरचा चढ आपल्या वडिलांसाठी योग्य नाही आणि त्यालाही परवानगी आवश्यक आहे. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

ऋतूबद्दल माझे मत बहुतेकांहून थोडे निराळे आहे. लोक पावसाळ्यातच जंगल पाहावे असे म्हणतात, आणि तेव्हाची हिरवाई सुंदर असते यात शंका नाही, पण पानझडी जंगल समजून घ्यायचे असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा तरी जावेच. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना मुरलेल्या पाण्यावर काढायचे असतात; म्हणून साग पाने गाळतो, ऐन गाळतो, आणि एरवी पानांआड झाकलेला डोंगर मोकळा होतो. त्याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. कांडोळाचे पांढरे खोडही तेव्हाच लांबून ओळखू येते. त्याला भुताचे झाड का म्हणतात ते मुलीला सांगावे लागणार नाही. सागाचे कोवळे पान बोटांवर चोळले की लाल रंग उतरतो. पान मार्गदर्शकाला विचारून, वाटेवर पडलेलेच घ्यावे.

उत्तर – डोंगरकडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण परवानगीच्या मुद्द्यावर अधिक ठामपणे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याकडे औपचारिकता म्हणून पाहण्याची चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी आमचा पाच जणांचा गट ओढ्याच्या पात्रातून दिसणाऱ्या एका अंधुक वाटेने पुढे गेला. ती पायवाट गुरांची होती, की पावसाच्या पाण्याने पडलेली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. दीड तास आम्ही त्याच टेकाडाभोवती फिरत राहिलो, पाणी संपले, फोनला रेंज नव्हती आणि अखेर गस्तीवरच्या वनरक्षकांनी आम्हाला रस्त्यावर आणून सोडले. आमच्यामुळे त्यांचे सकाळचे काम खोळंबले, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 आणि 28 मध्ये प्रवेशावरील निर्बंध आणि परवानगीची तरतूद आहे, व कलम 35 नुसार तीच बंधने राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. पायी पर्यटनाला बंदी नाही, पण ते परवानगीच्या चौकटीतच करायचे असते.

दुसरी गोष्ट बिबट्याची. येथे बिबटे आहेत आणि ते या जंगलाचे जुने रहिवासी आहेत. आतल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानतात, ते उगाच नव्हे. बिबट्या दिसेल या आशेने वाट सोडू नये आणि तो दिसेल या भीतीने घरीही बसू नये. उजाडल्यानंतर आत जावे आणि संध्याकाळ होण्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडावे. मुलीला गटाच्या मध्ये ठेवावे, तिला पुढे पळू देऊ नये, आणि झुडपांच्या कडेला ओणवून किंवा उकिडवे बसून राहू नये. समोर आलाच, तर पाठ फिरवून धावू नये; उभे राहून, त्याला वाट मोकळी ठेवत, हळूहळू मागे सरकावे. खाऊची वेष्टणे व शिळे अन्न मागे टाकले की माकडे आणि कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचरा परत आणणे ही येथे सुरक्षिततेची बाब आहे.

उन्हाळ्याकडे कल असणाऱ्या दिवसांत जमीन कोरड्या पाल्याने झाकलेली असते. काडीपेटी, लायटर, सिगारेट यांपैकी काहीही सोबत नेऊ नये. जंगलात मोकळ्या केलेल्या लांबच लांब पट्ट्या दिसल्या, तर त्या जाळरेषा असतात; वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखाते त्या काढते. पायवाट समजून त्यांच्यावर चालत जाऊ नये.

उत्तर – कारवीचे रान

वडिलांचे गुडघे पाहता कान्हेरीबद्दल एक सूचना करते. लेणी शंभराहून अधिक आहेत आणि काळ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या होतात, म्हणून वडिलांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच न्यावे. सगळी लेणी पाहण्याचा आग्रह नसावा. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहून जवळपासच्या पोढ्या निवांत बघाव्यात. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके, आणि हाच शब्द तेथील शिलालेखांतही येतो. कल्याण, सोपारा येथील दात्यांची नावे त्या लेखांत आहेत. पावसाचे पाणी कातळावरून वळवून पोढ्यांत साठवायची ती व्यवस्था पाहिली, की कोरड्या आठ महिन्यांत भिक्षू या डोंगरावर कसे राहिले असतील, ते मुलीलाही समजेल. झाडांनी पाने गाळून जे साधले, ते माणसांनी टाकी खोदून साधले.

कारवी या झुडपाच्या फुलांसाठी मात्र धीर धरावा लागेल. येथील कारवी आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते. 2008, 2016 आणि 2024 मध्ये ती बहरली, आता पुढचा बहर 2032 च्या पावसाळ्याअखेरीस अपेक्षित आहे. फुले नसतानाही झुडपे ओळखून ठेवावीत. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून उभ्या राहतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – नवा कांदिवलीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना कान्हेरीचा रस्ता आणि पोढ्या, तर मला व मुलीला परवानगी घेऊन शिलोंडा, असे ठरवले आहे. एक शंका राहिली : तुळशी तलावाच्या काठाने चालता येते का?

उत्तर – रानवाट

नाही, आणि त्याचा आग्रह धरू नये. विहार तलाव 1860 चा आणि तुळशी 1879 चा. दोन्ही आजही मुंबईला पिण्याचे पाणी पुरवतात, त्यामुळे काठावर जाणे प्रतिबंधित आहे. शिवाय तेथे मगरी आहेत. मुलीसोबत आणखी एक दिवस काढता आला, तर गोरेगावला चित्रनगरीशेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. तेथे आधी नोंदणी केल्यास जाणकारांसोबत छोट्या पायवाटेवर चालता येते, चढ फारसा नाही, आणि वडिलांनाही सोबत नेता येईल.