मदत हवी आहे : विमानावरच्या वळणदार पट्ट्याचं मास्किंग

नमस्कार मंडळी. चोपड्याजवळच्या शेडमध्ये आमचं दोन आसनी, ॲल्युमिनियमचं घरी बांधलेलं विमान रंगायला आलं आहे. पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून झाला, कडक वाळलाही. आता नाकापासून शेपटीपर्यंत निळा पट्टा हवा, मागे हळूहळू वर चढणारा.

कागदी मास्किंग टेप वळणावर सुरकुतते, म्हणून पाव इंची व्हिनाइल फाइनलाइन (बारीक रेघेसाठीची लवचीक प्लास्टिक टेप) आणली. छोट्या वळणाला ती झकास बसते. फार ताणली तर मात्र आखडून आतल्या बाजूला सरकते. खरी अडचण लांब, मंद वळणाची. जवळून रेघ गुळगुळीत वाटते, पण शेपटीकडून एक डोळा मिटून पाहिलं की मध्येच पोट सुटलेलं दिसतं. तुम्ही आधी लवचीक लाकडी पट्टी टेकवून आखता, की थेट टेपनेच? (ठिबकची नळी सुचवू नका, तिचं वेटोळं जात नाही.) दुसऱ्या बाजूसाठी याच रेघेचं ट्रेसिंग उलटं करून वापरणार आहे.

रिव्हेटच्या डोक्यांपाशी निळा झिरपू नये म्हणून टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच हलका हात मारायचा विचार आहे. कुणी केलंय का?

रडरवर (शेपटीच्या उभ्या, हलत्या पात्यावर) पट्टा नेणार नाही. बिजागरीमागे रंगाचं वजन वाढलं की बॅलन्स पुन्हा तपासा, आणि फ्लटरशी (उडताना पातं जोरात थरथरण्याशी) खेळायची हौस नाही.

इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे रंग पहाटेच मारणार. एवढ्या उन्हाळ्यात टेप किती वेळाने ओढावी? फोटो असतील तर नक्की टाका.