आण्णांच्या बीपीच्या गोळ्या, पायाला सूज आणि चक्कर – मदत हवी आहे

आठवी गल्ली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचे आण्णा, वय ६८, उद्यमनगरात फाउंड्रीत पॅटर्नचं काम करायचे, आता रिटायर. शिवाजी पेठेत जुन्या घरात आई आणि ते असतात, मी राजारामपुरीत, रोज संध्याकाळी एक चक्कर असते माझी. बीपी १५ वर्षं झाली आहेच, शुगर नाही. चार वर्षांमागं किडनीचं निघालं. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) २.३, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३०, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजच्या उंबऱ्यावर उभे आहेत असं डॉक्टर म्हणाले.

गोळ्या अशा: टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन (आधी ५ होती, तीन महिन्यांमागं १० केली), रात्री प्राझोसिन ५ आणि लघवीची टॉर्सेमाइड १०. एवढं सगळं असून बीपी कधी १७०/१०० तर कधी एकदम ११० वर.

आता त्रास सांगतो. पाय सुजलेत, संध्याकाळी चप्पल घालता येत नाही, बोट दाबलं की खड्डा पडतो. कापशी चप्पल किती हौसेनं घेतलेली, ती तशीच खुंटीला. आणि परवा रात्री मोरीत चक्कर येऊन पडले. नशीब बादलीवर आदळले, डोकं वाचलं. आता त्यांनी एकच धोशा लावलाय की या गोळ्यांनीच माझी किडनी गेली, गोळ्या बंद कर, मी बरा होतो का नाही बघ. कट्ट्यावरचे दोस्त त्यात तेल ओततात. परत डॉक्टरकडं जाऊया म्हटलं तर "अजून एक गोळी वाढवतील, मी येत नाही."

कुणाच्या घरी असं झालंय का? सूज गोळीनं आहे का किडनीनं? डॉक्टरांना काय आणि कसं विचारायचं? मी गेलो की त्यांच्यापुढं निम्मं विसरतो.

भुदरगडी गडी

मी स्वतः पेशंट, क्रिएटिनिन १.९. अ‍ॅम्लोडिपिन १० केल्यावर माझे पण पाय हुबेहूब असेच झालेले. मला वाटलं संपलं, किडनी बसली. डॉक्टरांनी गोळी बदलून सिल्निडिपिन दिली, दीड-दोन आठवड्यांत घोटे दिसायला लागले. त्यांनी सांगितलेलं ते असं की अ‍ॅम्लोडिपिननं बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, मग पाणी झिरपून पावलात उतरतं, आणि डोस जेवढा जास्त तेवढी सूज जास्त. ते अंगात साठलेलं जादा पाणी नव्हे, त्यामुळं लघवीची गोळी वाढवून पण म्हणावा तसा उतार पडत नाही. सिल्निडिपिन त्याच घराण्यातली पण सूज कमी करते. सगळ्यांना चालेलच असं नाही, पण विचारा जरूर. मी तीन महिने नुसता पाय उशीवर ठेवून बसलेलो, तोंड उघडलं नाही, येडपटपणा दुसरं काय.

निसर्गाकडे चला

दादा, इंग्रजी गोळ्या उष्ण पडतात. आमच्या ओळखीत एक जण काढा देतात, २१ दिवसांत क्रिएटिनिन खाली. व्यनि (खाजगी निरोप) करा, पत्ता देतो.

वॉर्डातली ताई

वरचा काढा अजिबात नको. मी १४ वर्षं डायलिसिस युनिटला सिस्टर आहे, २१ दिवसांचा काढा पिऊन २२ व्या दिवशी आमच्याकडं आलेली माणसं मी बघितलीत. काढ्यात काय आहे ते देणाऱ्याला पण सांगता येत नाही आणि किडनी आधीच अर्धी असताना असले प्रयोग परवडत नाहीत.

आठवी गल्ली, मी डॉक्टर नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये मला दोन-तीन गोष्टी खटकल्या म्हणून विचारते. कुठली गोळी किती वाजता घेतात, कागदावर लिहिलेली वेळ नको, खरी वेळ सांगा. गुडघे, कंबर दुखते का आणि त्यावर काय घेतात? घरात मीठ कुठलं? शेवटच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम किती? आणि हळूच एक काम करा, गोळ्यांचं पाकीट आणि बिलाची तारीख बघून गोळ्या मोजा. बीपी एकदा १७० आणि एकदा ११० असं उड्या मारतं तेव्हा निम्म्या वेळा कारण औषधात नसतं, डब्यात असतं.

आणि बीपी आडवं असताना घ्या, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत घ्या. धरून उभं करा, नाहीतर परत बादली.

सूज फक्त पावलाला असेल आणि सकाळी कमी असेल तर गोळीचा संशय जास्त. पण सकाळी डोळ्यांखाली, तोंडावर सूज, चार दिवसांत वजन दोन किलोनं वाढणं, झोपल्यावर दम लागणं यातलं काही असेल तर गोळीवर ढकलून घरी बसू नका, लगेच दाखवा.

मुठेकाठचा

दादा काळजी घ्या वडिलांची. पाठीशी आहोत.

आठवी गल्ली

अहो मी दादा नव्हे, ताई आहे :) कोल्हापुरात आम्ही पोरी असंच बोलतो, मी आलो मी गेलो. सवय जात नाही.

सिस्टर, तुमचे प्रश्न घेऊन काल पेठेत गेलतो. डोकं सुन्न झालंय, सगळं सांगतो.

गोळ्या मोजल्या. अ‍ॅम्लोडिपिन १२ जादा निघाल्या. आईला विचारलं तर ती गप्प. मग आण्णाच म्हणाले, "सूज जास्त वाटली की मी ती सोडतो, आणि डॉक्टरकडं जायचं असलं की आदल्या दिवशी घेतो." म्हणजे बघा, ते गोळी सोडणार, बीपी चढणार, डॉक्टरांना मशीनवर १६० दिसणार, ते ५ ची १० करणार, १० नं सूज अजून वाढणार की हे अजून सोडणार. डॉक्टरांचं काय चुकलं, त्यांना कोण सांगतंय? मी तर दर वेळी शेजारी बसून "हो हो, सगळ्या वेळेवर घेतात" म्हणत होतो.

पुढं ऐका. लघवीची गोळी सकाळची आहे. हे घेतात रात्री नऊला, जेवल्यावर. कारण सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचं, मग तालमीच्या कट्ट्यावर दहापर्यंत पेपर, आणि गोळी घेतली की दर वीस मिनिटाला पळायला लागतं, दोस्तांसमोर लाज वाटते. म्हणून रात्री. म्हणजे उभं राहिलं की बीपी पाडणारी प्राझोसिन पोटात आणि रात्रीत तीन वेळा मोरीकडं, तेही अंधारात. लाईट लावली तर आई जागी होते म्हणून. एवढा विचार करणारा माणूस, त्याला काय बोलायचं सांगा.

बीपी आडवं १४८/८४, उभं केल्यावर ११८/७०. दोन वेळा घेतलं.

गुडघ्यासाठी मेडिकलमधनं कसलीशी गोळी आणतात, पाकिटावर अ‍ॅसिक्लोफिनॅक लिहिलंय. आठवड्यात तीन-चार.

आणि मीठ. ते मीच आणलेलं. जाहिरातीत बघितलं, बीपीवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ, महाग आहे पण आण्णांसाठी म्हणून आणलं, दोन महिने झाले. पोटॅशियम ५.६ आहे. आधीच्या रिपोर्टला ४.८ होतं. यात माझा हात आहे का?

वॉर्डातली ताई

आहे, पण मनाला लावून घेऊ नका, चांगली शिकलेली माणसं पण हेच करतात. त्या मिठात सोडियम क्लोराइड कमी करून जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट बीपीवाल्याला ठीक. पण किडनी कमी असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि टेल्मिसार्टन पण पोटॅशियम थोडं वर ठेवतं, त्यात दुखण्याची गोळी. तिन्ही मिळून ५.६ झालं. ते मीठ आजपासून बंद. साधं मीठ, पण मोजून, दिवसाला सपाट चमचाभर (५ ग्रॅम), आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, सगळं धरून. सैंधव पण मीठच आहे, त्याच्या नावावर सूट घेऊ नका. "गार पडेल" म्हणून शहाळं देत असाल तर ते पण थांबवा, पोटॅशियमच आहे.

अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही मंडळी किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात आणि बीपी पण चढवतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर ही, असं त्रिकूट झालं की किडनी अचानक बसू शकते. आण्णा म्हणतात ना गोळ्यांनी किडनी जाते, तर ते एका गोळीच्या बाबतीत बरोबर आहेत, फक्त ज्या गोळीला ते मित्र समजतात तीच ती आहे.

उलट टेल्मिसार्टन किडनीतनं प्रोटीन गळणं कमी करते. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं, ३० टक्क्यांपर्यंत डॉक्टर सहसा चालवून घेतात, त्याला घाबरून लोक स्वतः बंद करतात. करू नका. मात्र जुलाब-उलट्या लागल्या, खाणंपिणं तुटलं, तर त्याच दिवशी फोन करून विचारा, तेवढ्यापुरती टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड थांबवायची का ते.

आडव्याचं उभं ३० नं पडलंय. २० पडलं तरी आम्ही लिहून ठेवतो. हाच आकडा डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

५.६ साठी उद्याच फोन लावा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. पाय एकदम गळून जाणं, छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखं वाटलं तर फोन पण नको, सरळ कॅज्युअल्टी.

सासूबाईंची सून

एक राहिलंच. आमच्या सासूबाईंना बीपीची क्लोनिडिन होती, तोंडाला कोरड पडते म्हणून त्यांनी एका दिवसात बंद केली, रात्री बीपी २१०. काही गोळ्या एकदम सोडल्या की उसळून येतं, ठोके कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या पण तशाच. त्यामुळं "सोडून बघतो" हा प्रकारच नको.

भुदरगडी गडी

ताई, डॉक्टरपुढं विसरता म्हणालात ना, वहीचं एक पान करा. डावीकडं गोळी आणि खरी वेळ, उजवीकडं त्रास कधी होतो. आणि राहिलेल्या गोळ्या पिशवीतनं तशाच घेऊन जा, टेबलावर ओता. मी ओतलेल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, हसले.

आठवी गल्ली

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा, धावपळ होती.

फोन लावला, दुसऱ्या दिवशी बोलावलं, ईसीजी काढला, ठीक निघाला. आण्णांना न्यायला मात्र युक्ती करावी लागली. मी म्हटलं गोळी वाढवायला नाही, कमी करायला चाललोय. खोटं नव्हतं तसं.

पिशवी ओतली टेबलावर. आण्णा खिडकीतनं बाहेर बघत बसले. डॉक्टरांनी बारा गोळ्या मोजल्या आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे गेले तीन महिने मी तुमच्यावर नाही, कुणा दुसऱ्याच पेशंटवर उपचार करतोय." मग आण्णा बोलायला लागले ते वीस मिनिटं, सूज, लाज, कट्टा, मोरी, सगळं. मला माहीत नव्हतं ते पण, एकदा रंकाळ्यावर पण चक्कर आलेली म्हणे, कठड्याला धरून बसलेले.

अ‍ॅम्लोडिपिन बंद, सिल्निडिपिन १० दिली. प्राझोसिन ५ ची २.५, अगदी अंथरुणावर बसल्यावरच घ्यायची, आणि रात्री उठताना आधी काठावर बसून शंभरपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं. टॉर्सेमाइड दुपारी एकला, घरी आल्यावर जेवणाआधी. एवढं सोपं होतं! सकाळचा कट्टा पण सुटला नाही आणि रात्रीची मोरी पण तिनावरनं एकवर आली. गुडघ्याला पॅरासिटामॉल, तीही मोजून. टेल्मिसार्टन तशीच.

मोरीच्या वाटेवर लहान दिवा लावलाय, आईची झोप काही मोडत नाही त्यानं.

काल रिपोर्ट आला, पोटॅशियम ५.०, क्रिएटिनिन २.१. सूज निम्मी आहे अजून. बीपी सकाळी १३८/८२ च्या आसपास, उभं केल्यावर १२६. डॉक्टर म्हणाले १३० च्या खाली न्यायचंय पण सावकाश, पडझड नको.

भांडण आता जेवणावर आहे. रविवारी पांढरा रस्सा पाहिजेच म्हणतात, आणि आईचा हात मिठाला सैल. अळणी रस्सा पुढं ठेवला तर "हे दवाखान्यातलं पाणी तूच पी" म्हणून वाटी परत. लिंबू-आलं वाढवून बघतोय, कुणाला काही जमलं असेल तर सांगा.

वॉर्डातली ताई

छान झालं. मीठ शिजवताना घालू नका, ताटात वरून चिमूटभर द्या, जिभेला आधी तेच लागतं, कमी पुरतं. आणि रस्सा वाटीभर, तांब्याभर नव्हे. दोन आठवड्यांनी पोटॅशियम परत तपासा, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर विचारा.

आठवी गल्ली

सांगितलंय, तारीख वहीत लिहून ठेवली. चप्पल अजून खुंटीलाच आहे, पण परवा आण्णांनी काढून तेल लावून ठेवली. ते महाग मीठ अर्धा किलो शिल्लक आहे, टाकून द्यायला जीव होत नाही, त्याचं काय करू?

सासूबाईंची सून

तांब्याची भांडी घासा, लिंबाबरोबर. लख्ख निघतात.