आईच्या छातीत आवळल्यासारखं झालं, आता थांबलंय. दाखवायला न्यायचं की थांबायचं?

धायरीकरीण, दुपारी ३.१०
आई ६३ वर्षांची आहे. १४ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. काल एकादशी होती, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी असं सगळं झालं. आज एकच्या सुमारास ओट्यापाशी उभी असताना एकदम म्हणाली, छातीच्या मध्यावर कुणीतरी आवळल्यासारखं होतंय. पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसून राहिली, मग उतरलं. आता ओवा चावून पडली आहे. "गॅस झालाय गं, उगाच धावपळ करू नकोस" म्हणते. भाऊ चाकणला कंपनीत आहे, घरी मी एकटीच. आमचे फॅमिली डॉक्टर साडेसहाला बसतात. तोवर थांबलं तर चालेल का? अनुभव असेल त्यांनी लवकर सांगा.

पर्वती_पायथा, ३.१४
माझ्या आईलाही उपवासाच्या दुसऱ्या दिवशी हमखास असं होतं. दाणे आणि साबुदाणा पचायला जड. कोमट पाण्यात हिंग नाहीतर इनो द्या, ढेकर आले की मोकळं वाटेल. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवा.

जुनी_परिचारिका, ३.१७
मी २६ वर्षं कॅज्युअल्टीत काम केलंय. पर्वती_पायथा, तुम्ही काळजीपोटीच लिहिलंत, पण मला हे पटत नाही. अन्ननलिका आणि हृदय या दोन्हींकडच्या वेदनेचे निरोप मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात, त्यामुळे मेंदूला दोन्ही सारखंच जाणवू शकतं. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणून हृदयाचं काही नाही असं ठरत नाही. आपोआप थांबलं म्हणूनही नाही.
धायरीकरीण, आईंना आत्ताच विचारा. तेव्हा घाम आला होता का? मळमळ? छातीखेरीज दंड, खांदा, पाठ, गळा, जबडा असं कुठे दुखलं का? आणि गेल्या आठवड्यात चालताना, जिना चढताना काही वेगळं जाणवलं का?

धायरीकरीण, ३.२४
विचारलं. घाम आला होता, ब्लाउज भिजला होता. स्वयंपाकघरात उकडतं म्हणून तिने मनावर घेतलं नाही. खालच्या डाव्या दाढेत ठणकत होतं, पण ती दाढ किडलेलीच आहे. आणि आत्ता, मी खोदून विचारल्यावर सांगते आहे की चार-पाच दिवस दुसऱ्या मजल्यावर येताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतोय. आम्हाला कुणाला बोललीच नव्हती. लिफ्ट नाही आमच्याकडे.

जुनी_परिचारिका, ३.२७
आता साडेसहाची वाट बघू नका, लगेच निघा. कारण सांगते. मधुमेहात वर्षानुवर्षं नसांवर परिणाम होतो आणि हृदयाचं दुखणं बोथट जाणवतं. बायकांमध्ये तर पुष्कळदा नुसता दम, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ एवढंच असतं. चढताना दम आणि आज नुसतं उभं असताना आवळणं, ही वाढत चाललेली तक्रार आहे.
१०८ लावा. २०१४ पासून राज्यात ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. "६३ वर्षांच्या, मधुमेह, छातीत आवळून घाम आला" एवढंच सांगा आणि पत्ता सांगताना जवळची खूण द्या. यायला वेळ लागेल म्हणाले तर शेजाऱ्यांची गाडी, पण चालवणारा दुसरा हवा, तुम्ही आईंजवळ बसा. जिना त्यांना उतरू देऊ नका. सोसायटीतल्या दोघातिघांना बोलवा आणि भक्कम खुर्चीत बसवून खाली आणा.
जायचं ते २४ तास डॉक्टर आणि अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी. नुसत्या दवाखान्यात गेलात तर तिथून पुन्हा हलवावं लागतं, आणि साडेपाचनंतर सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकची गत तुम्हाला माहीत आहे.
ॲस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिलीग्रॅमची गोळी घरी असेल तर १०८ वर विचारून चावून खायला द्या. ॲलर्जी, अल्सर किंवा अलीकडे रक्तस्राव असेल तर नाही. शेजारच्यांची सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयरोग्यांची छातीदुखीची गोळी, मात्र जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब एकदम पडू शकतो. झटका आला की जोरजोरात खोका, असं सांगणारा तो व्हॉट्सॲपवरचा निरोपही विसरा.

धायरीकरीण, ३.३१
१०८ लावलं. येताहेत. भाऊ परस्पर तिकडे पोचतोय.

कात्रज_घाट, ३.४०
धायरीकरीण, गाडीत वाचाल म्हणून लिहितो. माझ्या बाबांना असंच झालं होतं. जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं, एक ईसीजी काढला, तो सरळ, म्हणजे नॉर्मल आला. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे परत दुखायला लागलं आणि तेव्हा मोठा झटका होता. वाचले, पण आज ते तळजाईच्या टेकडीवर जाऊ शकत नाहीत, जिथे चाळीस वर्षं रोज जायचे. मला तेव्हा एवढंच ठाऊक असतं की पहिला ईसीजी सरळ असू शकतो, तर मी तिथून हललो नसतो. तुम्ही हलू नका.

जुनी_परिचारिका, ३.४८
कात्रज_घाट यांनी लिहिलंय ते फार मोलाचं आहे. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, तो नम्रपणे पण ठामपणे मागा. तो सरळ असला तरी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. शिवाय ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, पण वाढायला काही तास लागतात, म्हणून ती एक ते तीन तासांनी परत करतात, जुन्या पद्धतीची असेल तर सहा तासांपर्यंत. "दुसरं ट्रोपोनिन कधी?" हा एक प्रश्न पाठ करून ठेवा.

आयटी_हिंजवडी, ४.०५
मध्येच विचारतो, माफ करा. मी २६. डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखं होतं, श्वास घेतला की वाढतं, मिनिटभरात जातं. वर्षभर अधूनमधून चालू आहे. मीही आत्ताच जाऊ का?

जुनी_परिचारिका, ४.१६
तुमचं वर्णन वेगळं आहे. तरुणांमध्ये बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं टोचतं आणि जातं. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं. तरी या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन एक ईसीजी काढा, म्हणजे मनातून जाईल. तंबाखू, सिगारेट, घरात लवकर झटका आल्याचा इतिहास असेल तर तेही सांगा.
पण तुमच्या वयातही लगेच पळावं असं दुखणं असतं. एका बाजूला अचानक तीव्र कळ आणि दम लागला तर फुप्फुसाभोवती हवा साचलेली असू शकते, उंच सडपातळ मुलांमध्ये हे दिसतं. लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एक पोटरी सुजली आणि मग छातीत दुखून धाप लागली, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी. फाटल्यासारखी कळ छातीतून पाठीत गेली तर महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फाटत असू शकते. यातलं एकही घरी ओळखता येत नाही. बरगडीवर दाबून दुखतं म्हणजे स्नायूच, असं लोक म्हणतात, पण तेवढ्यावर मी कुणाला घरी पाठवलं नसतं.
एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांत फोड आले तर ती नागीण. त्यातही लवकर गेलेलं बरं, औषध पहिल्या ७२ तासांत जास्त उपयोगी पडतं.

पर्वती_पायथा, ४.३०
मी वर लिहिलेला सल्ला मागे घेतो. आईला आज रात्रीच दम लागतो का ते विचारणार आहे. धायरीकरीण, खर्चाची काळजी वाटत असेल तर तिथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे का विचारा. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार भावाला आणायला सांगा.

धायरीकरीण, दुसऱ्या दिवशी सकाळी ११.२०
पहिला ईसीजी सरळ आला. पहिलं ट्रोपोनिनही ठीक. आई तर चप्पल घालून उठलीच होती, "बघ, सांगितलं होतं ना" म्हणत. मी कात्रज_घाट यांचं वाचून दाखवलं आणि तिला बसवलं. दुसरं ट्रोपोनिन वाढलेलं आलं. सकाळी अँजिओग्राफी झाली, एक मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद होती, तिथे स्टेंट टाकला. आत्ता आयसीयूत आहे, बोलते आहे, चहा मागते आहे. दाढ दुखायची थांबली आहे. ती विचारते आहे, इथून सुटल्यावर ती काढून टाकू का.

जुनी_परिचारिका, ११.३५
किती बरं वाटलं वाचून. दाढ इतक्यात नको. आता रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतील आणि दातासाठी म्हणून त्या एक दिवसही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंट बंद पडू शकतो. दाताच्या डॉक्टरांना आधी स्टेंटचा कागद दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवा.