तुपातलं ट्रान्स फॅट आणि खारीतलं ट्रान्स फॅट एकच का?

मीनल_कोथरूड
बाबांचा लिपिड प्रोफाइल आलाय, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय, एचडीएल (चांगलं) कमी. डॉक्टर म्हणाले बेकरीचं बंद करा, ट्रान्स फॅट असतं. इथपर्यंत ठीक. पण तळजाईवर त्यांच्यासोबत फिरायला येणारे एक काका आहेत, त्यांनी डोक्यात घातलं की साजूक तुपातही ट्रान्स फॅट असतं, तेही सोडा. आता वरणभातावर तूप नाही म्हणजे आईच्या मते ते जेवणच नाही, त्यामुळे घरात धुसफूस चालू आहे. आणि गंमत म्हणजे खारीच्या पाकिटामागे ट्रान्स फॅट ० ग्रॅम छापलंय! मग काय खारी चालेल आणि तूप नाही? कोणी नीट सांगा, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.

घाणा_ते_रिफाइंड
काका खोटं नाही बोलले, अर्धवट बोलले. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या फॅटवर काम करतात, त्यात थोडं ट्रान्स फॅट बनतं आणि ते दुधातून लोण्यात, तुपात येतं. दुधाच्या फॅटमध्ये साधारण २ ते ५ टक्के. त्यात जास्त करून व्हॅक्सेनिक अ‍ॅसिड, आणि ह्यातलं काही आपलं शरीर सीएलए नावाच्या वेगळ्या फॅटमध्ये बदलून टाकतं.

कारखान्यातलं प्रकरण वेगळं. तेल गरम करून त्यात निकेल घालून हायड्रोजन सोडतात, तेल घट्ट होतं. पूर्ण घट्ट होईपर्यंत चालू ठेवलं तर ट्रान्स जवळजवळ उरतच नाही, सगळा घोळ मध्येच थांबवल्यामुळे होतो. तिथे मुख्य भरणा इलायडिक अ‍ॅसिडचा. जुन्या वनस्पती तुपात हे प्रमाण कधीकधी ४० टक्क्यांच्या वर जायचं, म्हणजे चमचाभर खाल्लं की २ ग्रॅम पोटात. डब्ल्यूएचओ म्हणते २००० कॅलरी खाणाऱ्याने दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत राहावं. साजूक तुपाच्या चमच्यात पाव ग्रॅमच्या आसपास किंवा कमी, आता तुम्हीच बघा.

शंकेखोर_सदाशिवपेठी
छान, म्हणजे तूप नैसर्गिक म्हणून वाटी लावून प्यायचं का? नैसर्गिक म्हटलं की लोकांना सगळं माफ वाटतं.

घाणा_ते_रिफाइंड
नाही हो. व्हॅक्सेनिकसुद्धा प्रयोगात भरपूर खायला दिलं तर एलडीएल वाढवतंच, आपण रोजच्या जेवणात तेवढं खात नाही एवढंच. डब्ल्यूएचओची मर्यादाही दोन्ही प्रकार धरूनच आहे. शिवाय तुपात ६० टक्क्यांच्या पुढे सॅच्युरेटेड फॅट आहे, एलडीएल वाढलेल्या माणसाने तुपाचा हात आखडायचा तो त्यासाठी, ट्रान्ससाठी नाही.

कारखान्यातलं जास्त बदनाम का, तर १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये निरोगी लोकांना तीन आठवडे ते खायला घालून बघितलं, एलडीएल वर गेलं आणि एचडीएल खाली आलं. सॅच्युरेटेडने एलडीएल वाढतं पण एचडीएल असं पडत नाही, ट्रान्स दोन्हीकडून मारतं. मग २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं की रोजच्या कॅलरीतल्या २ टक्के कॅलरी ट्रान्समधून आल्या, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम, तर हृदयविकाराचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त दिसतं.

मैदा_मार्जरीन
मी बेकरीला माल पुरवायचो म्हणून लिहितो. खारीचे पदर सुटतात ते मधल्या घट्ट फॅटमुळे, तेलात ती होतच नाही. पूर्वी त्यासाठी सरळ वनस्पती असायचं. पण एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ट्रान्सची मर्यादा खाली आणत आणत जानेवारी २०२१ ला ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. ही मर्यादा कारखान्यातल्या ट्रान्सची, दुधातलं त्यात धरत नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेल्या मार्जरीनमध्ये (तेलापासून बनवलेलं लोण्यासारखं घट्ट फॅट) आज आकड्याने तुपापेक्षा कमी ट्रान्स असू शकतं, ऐकायला विचित्र वाटेल पण आहे असं. ट्रान्स फॅट फ्री असा दावा करायला १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी लागतं.

वनस्पतीच्या जागी आलंय पामतेल, त्यात सॅच्युरेटेड भरपूर. त्यामुळे ताई, पाकिटावर ट्रान्सच्या वरची ओळ वाचा, सॅच्युरेटेडची. आणि सुटी खारी, नानकटाई, पॅटीस ह्यांना लेबल नसतंच, कुठलं फॅट वापरलंय ते बेकरीवाल्याला विचारूनच कळणार, तो सांगेल ते खरं 😄

शंकेखोर_सदाशिवपेठी
वडापाववाल्याचं काळं तेल राहिलं.

घाणा_ते_रिफाइंड
तळून तळून ट्रान्स थोडंसंच बनतं, रिफाइंड तेलात तर दुकानातून आणतानाच किंचित असतं कारण वास काढायला ते २०० डिग्रीच्या पुढे तापवतात. काळ्या तेलाचा खरा त्रास तेल मोडून बनणाऱ्या पोलर कंपाउंड्सचा, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की नियमाने तेल फेकायचं. पण गाडा वनस्पतीत तळत असेल तर मग दोन्ही आलं.

मीनल_कोथरूड
थँक्यू सगळ्यांना, आईला वाचून दाखवलं, ती फक्त तुपाचा भाग ऐकून स्वयंपाकघरात गेली. बाबांना आता भातावर एक छोटा चमचा, पोळीला नाही, आणि चहाबरोबर खारीऐवजी भाजलेले चणे. ते विचारतायत टोस्ट चालेल का, त्यातही मार्जरीन असतं ना?

मैदा_मार्जरीन
असतं, खारीपेक्षा बरंच कमी. मागची घटकांची यादी बघा, वनस्पती किंवा हायड्रोजनेटेड लिहिलेलं असेल तर ठेवून द्या.