बोनस पॉइंट घेण्याआधी पैशांत हिशोब करा

'50 टक्के बोनस चालू आहे, विमान कंपनीचे पॉइंट आत्ताच विकत घेऊन ठेवू का?' प्रवासाची तारीख ठरलेली नसेल तर नको.

नागपूर–मुंबई घ्या (आकडे समजण्यापुरते). रोख तिकीट 4,800 रुपये. पॉइंटवर काढलं तर 6,500 पॉइंट, वर कर आणि शुल्काचे 900 रुपये खिशातूनच. म्हणजे वाचले 3,900, एका पॉइंटला 60 पैसे. हे 900 वजा करायला बहुतेक जण विसरतात आणि पॉइंट 74 पैशांचा वाटतो. आता 10,000 रुपयांत 10,000 अधिक बोनसचे 5,000 मिळाले, तर खरेदीच पडली 67 पैशांना. सरळ तोटा! शिवाय पॉइंटवरच्या तिकिटावर नवे पॉइंट सहसा मिळत नाहीत.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे असतील तर आधी त्या तारखेला पॉइंटवर सीट दिसते का ते पाहा. एकदा वळवलेले परत येत नाहीत, आणि जमा व्हायला कधी दोन-तीन दिवस लागतात; तेवढ्यात सीट जाते. दोन्ही खात्यांत नाव तंतोतंत सारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव असलं, दुसरीकडे नसलं की व्यवहार अडकतो.

साठवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्तारा या तिच्या पॉइंट योजनेतले पॉइंट पुढे गेले, पण नियम एअर इंडियाचे लागले.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीमार्गे परदेशी जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटात काढा. वेगळे काढले आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढचं बुडतं.