कोइम्बतूर की कोची : लौकिक, वाढ आणि नोकरीची शक्यता

भांडुपकर_यंत्ररचना (प्रश्न)

मी भांडुपला राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या यंत्ररचना विभागात काम करतो. कारखान्याची जागा विकली जाणार हे आता निश्चित झाले आहे. व्यवस्थापनाने राज्याबाहेरील दुसऱ्या प्रकल्पात बदलीचा पर्याय दिला आहे, परंतु तेथे ना मला वाव आहे ना पत्नीला. दरम्यान माझ्यापुढे दोन प्रस्ताव आले आहेत. एक कोइम्बतूरच्या पंप बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीचा आहे, तर दुसरा कोचीतील एका अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या कंपनीचा असून तिचे बहुतेक काम जहाजदुरुस्तीशी संबंधित आहे. कोचीचा पगार थोडा अधिक आहे. पत्नी सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात आहे आणि मुलगी चौथीत शिकते.

2011 च्या जनगणनेत दोन्ही नागरी समूहांची लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास, म्हणजे नागपूरपेक्षा थोडी कमी आणि नाशिकपेक्षा बरीच जास्त होती. आकार सारखा असला तरी दोन्ही शहरांविषयी ऐकू येणारी मते अगदी वेगळी आहेत. कोची म्हटले की लोक मेट्रो, बंदर आणि आखातातला पैसा यांचे कौतुक करतात आणि त्याच दमात हरताळांची धास्तीही घालतात. कोइम्बतूरविषयी मात्र 'गिरण्यांचे जुने गाव, राहायला बरे' यापलीकडे कोणी फारसे बोलत नाही. ज्यांनी या शहरांत काम केले आहे किंवा ज्यांचा तेथे नित्याचा व्यवहार आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ हवा आणि जेवण यांवरील मते नकोत.

ओतकाम_मुलुंड

मी नोकरीनिमित्त कोइम्बतूरला बरीच वर्षे होतो आणि आजही तेथील ओतशाळांकडून (फाउंड्रींकडून) माल घेतो, त्यामुळे माझे मत काहीसे त्या बाजूला झुकलेले असेल हे आधीच सांगतो.

'गिरण्यांचे जुने गाव' हे वर्णन खोटे नाही, पण अर्धवट आहे. तेथे पहिली गिरणी 1888 मध्ये सुरू झाली आणि 1930 च्या दशकात पायकारा जलविद्युत प्रकल्पाची स्वस्त वीज मिळू लागल्यावर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. गिरण्यांच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यासाठी कार्यशाळा निघाल्या, कार्यशाळांना सुटे भाग हवे म्हणून ओतशाळा निघाल्या आणि परिसरात विहिरींचे पाणी खोल असल्यामुळे त्याच ओतशाळांना पंपांचे गिऱ्हाईक दाराशीच मिळाले. तेथील संशोधक-उद्योजक जी. डी. नायडू यांनी 1937 मध्ये विजेची मोटर तयार केली, ती याच वातावरणात. 1962 मध्ये स्थापन झालेली लक्ष्मी मशीन वर्क्स सूतगिरण्यांची यंत्रे बनवू लागली. एल्जीचे कॉम्प्रेसर, प्रिकॉलची वाहनांसाठीची उपकरणे, सीआरआय आणि टेक्स्मोचे पंप, घरोघरी दिसणारा वेट ग्राइंडर ही सगळी त्याच झाडाची फळे आहेत.

मुंबईकराने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. 1982 च्या संपानंतर आपल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा जमिनीची किंमत गिरणीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी होती, त्यामुळे भांडवल इमारतींत गेले आणि कारागिराच्या हातातील कसब वाया गेले. कोइम्बतूरच्याही अनेक गिरण्या पुढे आजारी पडल्या, परंतु तोवर शहराचे पोट एकट्या कापडावर राहिले नव्हते. लेथवर काम करणाऱ्या माणसाला पंपाच्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या किंवा कॉम्प्रेसरच्या कारखान्यात जाता येत होते. पीएसजी, सीआयटी आणि शासकीय तंत्र महाविद्यालय यांतून बाहेर पडणारे अभियंते त्याच कारखान्यांत शिकाऊ म्हणून येतात, त्यामुळे मालकांची आणि महाविद्यालयांची ओळख जुनी आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या नोकरीचा पगार बाजूला ठेवून आपण दुसऱ्या नोकरीचा विचार करावा. ही कंपनी दोन वर्षांनी बंद पडली किंवा तेथे आपले पटले नाही, तर घर न बदलता, मुलीची शाळा न बदलता त्याच कामाची दुसरी नोकरी मिळेल का? यंत्ररचनेच्या माणसासाठी कोइम्बतूरमध्ये याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

उणिवाही आहेत. बहुतेक कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या आहेत, निर्णय घरातल्या मंडळींकडे असतात आणि बाहेरच्या माणसाला एका पायरीच्या वर जायला वेळ लागतो. पगार मुंबईच्या मानाने बेताचे आहेत. शेतीच्या हंगामावर पंपांची मागणी हलते. 2022 च्या वीजदरवाढीनंतर जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखानदारांनी आंदोलने केली, त्यांची ओरड खोटी नव्हती. सार्वजनिक वाहतूक बसवरच अवलंबून आहे. अविनाशी रस्त्यावरचा सुमारे 10 किलोमीटरचा उड्डाणपूल ऑक्टोबर 2025 मध्ये खुला झाला, पण पुढच्याच महिन्यात केंद्राने नागरी समूहाची नव्हे तर महापालिका हद्दीची लोकसंख्या धरून मेट्रोचा प्रस्ताव 20 लाख लोकसंख्येच्या निकषावर परत पाठवला.

माझगाव_निवृत्त

वरील प्रतिसादातील इतिहास पटण्यासारखा आहे, परंतु त्यातून कोचीचे चित्र अन्यायकारक रीतीने फिके होते. माझी नोकरी जहाजबांधणीत गेली, त्यामुळे मी त्या बाजूने लिहितो.

कोची शिपयार्ड 1972 मध्ये उभे राहिले. 'आयएनएस विक्रांत' तेथे बांधली गेली आणि सप्टेंबर 2022 मध्ये नौदलात दाखल झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले ते नोकरीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जानेवारी 2024 मध्ये तेथे 310 मीटर लांबीची नवी सुकी गोदी आणि विलिंग्डन बेटावर स्वतंत्र जहाजदुरुस्ती केंद्र सुरू झाले. हीच कंपनी आपल्या मुंबई बंदरातही दुरुस्तीचे काम करते. शेजारी नौदलाचे दक्षिण मुख्यालय, अंबलमुगलचा तेलशुद्धीकरण कारखाना, 1943 पासूनचा फॅक्ट हा खतकारखाना आणि पुथुवैपचे द्रवरूप वायूचे केंद्र आहे. आपण ज्या प्रकारच्या कंपनीचा उल्लेख केला आहे, तिला या सगळ्यांकडून काम मिळू शकते.

हरताळांची कीर्ती अगदीच निराधार नाही, पण ती बरीचशी जुनी आहे. माल न उचलताच मजुरी मागण्याच्या 'नोक्कुकूली' प्रथेवर राज्य सरकारने 1 मे 2018 पासून बंदी घातली आणि जानेवारी 2019 मध्ये उच्च न्यायालयाने हरताळापूर्वी सात दिवसांची सूचना बंधनकारक केली. तरीही 2021 मध्ये किटेक्स या कोचीजवळच्या कापड कंपनीने 3,500 कोटींची नियोजित गुंतवणूक राज्याबाहेर नेण्याची घोषणा केली तेव्हा जुनी चर्चा पुन्हा उसळली. कोचीची बदनामी आणि कोचीची प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षाहून मोठ्या आवाजात चालतात, असे माझे निरीक्षण आहे.

प्रसिद्धीचे उदाहरण म्हणजे स्मार्टसिटी हा माहिती-तंत्रज्ञान उद्योगांसाठीचा प्रकल्प. दुबईच्या टीकॉम कंपनीशी झालेल्या करारात 90,000 नोकऱ्यांचे आश्वासन होते, पहिली इमारत 2016 मध्ये उघडली आणि डिसेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा करार गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्याच कक्कनाड भागात 2004 पासून शांतपणे वाढलेल्या इन्फोपार्क या आयटी संकुलाने मात्र हजारो लोकांना खरोखर काम दिले आहे. वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल 2011 मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाले. आता मे 2025 मध्ये कार्यान्वित झालेल्या, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम बंदराने त्यातील मोठ्या जहाजांच्या स्वप्नावर पाणी फिरवले, असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या नोकरीचा मुद्दा मला मान्य आहे. कोचीत मोठे उद्योग मोजकेच आहेत आणि त्यातील बरेच सार्वजनिक क्षेत्रातले असल्याने मधल्या वयात त्यांत थेट शिरता येत नाही, कंत्राटदारामार्फतच काम करावे लागते. मात्र जहाजदुरुस्तीचा अनुभव घेतलेला माणूस पुढे मुंबई, गोवा, विशाखापट्टणम येथे, अगदी आखातातही जाऊ शकतो, आणि बाहेर जाण्याची ही वाट कोइम्बतूरचा पंप देत नाही.

भांडुपकर_यंत्ररचना

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्नीच्या कामाविषयी कोणी लिहिले तर बरे होईल. आम्हाला पुन्हा पुन्हा गाव बदलायचे नाही, त्यामुळे 'बाहेर जाण्याची वाट' हा लाभ मला थोडा बिचकवतो. तसेच तमिळ किंवा मल्याळम येत नसताना घर मिळणे, शाळा, शेजार यांत किती अडचण येते?

विटेकर_झवेरीबाजार

आमचे घराणे गलाईचे. विटा-खानापूर भागातील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, त्यात कोइम्बतूर आणि कोचीच्या उत्तरेकडील त्रिशूर ही दागिने घडवणारी शहरे असल्याने दोन्हीकडे आमचे नातेवाईक आहेत. माझा सल्ला गाळणाऱ्याचा आहे, अभियंत्याचा नाही.

भाषेची अडचण दोन्हीकडे सुरुवातीला येते, परंतु कारखान्यांत आणि बांधकामांवर उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे मजूर इतके आहेत की हिंदी अगदीच निरुपयोगी ठरत नाही. कोंगू भागातील, म्हणजे कोइम्बतूरकडची बोली फार अदबीची, लहान मुलालाही बहुमानाने हाक मारणारी. तेथे घरमालक चौकशा पुष्कळ करतो, विशेषतः मांसाहाराची, पण एकदा घर दिले की निभावतो. कोचीत चौकशा कमी आणि कक्कनाडच्या आसपास भाडे जास्त. केंद्रीय मंडळाच्या शाळा दोन्ही शहरांत भरपूर आहेत.

फेब्रुवारी 1998 मधील बॉम्बस्फोटांत कोइम्बतूरमध्ये 58 माणसे मारली गेली आणि त्यानंतर काही वर्षे बाहेरचे व्यापारी तेथे पैसा गुंतवायला कचरत होते, असे आमचे वडीलधारे सांगतात. आज रोजच्या व्यवहारात त्याची सावली जाणवत नाही. उलट कोचीविषयी मला स्वतःला काळजी वाटते ती पाण्याची आणि कचऱ्याची. 2018 च्या पुरात विमानतळ जवळजवळ दोन आठवडे बंद होता, आणि मार्च 2023 मध्ये ब्रह्मपुरमच्या कचराभूमीला आग लागून शहर कित्येक दिवस धुरात होते. देवनारची आग पाहिलेल्या भांडुपकराला हे समजावून सांगायला नको. कोइम्बतूरची अडचण नेमकी उलटी : तेथे पाऊस कमी, शिरुवाणीचे पाणी चवीला उत्तम, पण ते केरळच्या हद्दीतील धरणातून येते आणि काही वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. घर पाहताना टाकीची क्षमता विचारावी.

ओतकाम_मुलुंड

पत्नीच्या कामापुरते लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये कोची पुढे आहे, हे मान्य करावे लागेल. इन्फोपार्कशिवाय आयबीएमचेही मोठे केंद्र तेथे आहे. कोइम्बतूरमध्ये टायडेल पार्क हे आयटी संकुल 2010 पासून आहे आणि कॉग्निझंट व बॉशची मोठी कार्यालये शहराच्या उत्तरेला आहेत. बॉशसारख्या ठिकाणी वाहनांच्या आणि यंत्रांच्या आत बसणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम चालते. आपल्या पत्नींचा अनुभव बँकिंगचा असेल तर कोचीत पर्याय अधिक मिळतील, कारण फेडरल बँक आणि मुथूट ही सोनेतारण कर्ज देणारी कंपनी यांची मुख्यालये तेथेच आहेत. अनुभव यंत्रांशी निगडित उत्पादनांचा असेल तर कोइम्बतूर कमी पडणार नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कोइम्बतूरच्या कंपनीला होकार देण्यापूर्वी तिचा किती माल शेतीला आणि किती निर्यातीला किंवा उद्योगांना जातो हे स्पष्ट विचारावे. निव्वळ शेतीपंपांवर चालणाऱ्या कंपनीत एक कोरडे किंवा अतिवृष्टीचे वर्ष वेतनवाढ गिळून टाकते. कोचीच्या कंपनीला तिची सध्याची कंत्राटे किती मुदतीची आहेत आणि त्यांतील किती एकाच गोदीकडून आली आहेत हे विचारावे. ही दोन उत्तरे मिळाल्यावर येथे पुन्हा लिहिलेत तर पगाराच्या आकड्यांवर बोलता येईल.