चर्चा: लाराव्हेल ९ आणि १० चा आधार आता सोडायचा का?

तिळकवाडी_टर्मिनल

लाराव्हेल या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्यावर, केलेल्या ॲपसाठी आमचं हे छोटं टूल आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी भाषांच्या फाइल्स शेजारी ठेवतं आणि कुठली ओळ कुठे राहिली ते सांगतं. बेळगावात बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला हे कशाला लागतं, ते इथे वेगळं सांगायला नको. कन्नड फाइलमध्ये ओळ राहिली की पावतीवर गपचूप इंग्रजी छापलं जातं, आणि फोन आपल्याला येतो.

पुढच्या मोठ्या आवृत्तीत फक्त लाराव्हेल ११ आणि १२ ठेवावं असं माझं मत आहे. लाराव्हेलची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते, दोषदुरुस्ती १८ महिने, सुरक्षेची दुरुस्ती २ वर्षं. ९ ची मुदत फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली, १० ची फेब्रुवारी २०२५ मध्ये. ज्यांनी बनवलं त्यांनीच सोडलं, ते मी रात्री जेवणं झाल्यावर का सांभाळत बसू? चारही आवृत्त्या ठेवायच्या तर प्रत्येकीला चालणाऱ्या पीएचपीच्या आवृत्त्या धरून चाचणीच्या किमान १२ जोड्या होतात. त्यात टेस्टबेंचची (लाराव्हेलच्या पॅकेजची चाचणी घ्यायचं साधन) आवृत्ती प्रत्येकाला वेगळी: ९ ला ७, १० ला ८, ११ ला ९, १२ ला १०. हे आकडे लाराव्हेलच्या आकड्यांशी इतके सारखे दिसतात की मी दोनदा चुकलोय.

जुनं वापरणाऱ्याचं काही अडत नाही. कंपोजर (पीएचपीची पॅकेजेस उतरवून देणारं साधन) त्याला टूलची जुनी आवृत्ती देतच राहील.

खानापूर_लोकल

अडत नाही कसं म्हणता ओ? माझी दोन गिऱ्हाइकं आहेत, एक भाताची गिरणी आणि एक पतसंस्था. दोघांच्या होस्टिंगवर पीएचपी ८.१. लाराव्हेल ११ ला किमान ८.२ लागतं, म्हणजे मी १० वरच बसणार. हौस म्हणून नव्हे.

जुनी आवृत्ती मिळेल, पण दुरुस्ती कुठे मिळणार? भाषांतरात `:रक्कम` हा प्लेसहोल्डर (खरा आकडा जिथे भरला जातो ती खूण) राहून गेला तर टूल पकडत नव्हतं, ते तुम्ही मागच्या महिन्यात दुरुस्त केलंत. पतसंस्थेच्या पावतीत रक्कमच नसली तर काय होतं, तुम्हीच विचार करा. तुमचं ऐकलं तर अशी दुरुस्ती उद्या फक्त ११-१२ वाल्यांना मिळणार.

उद्यमबाग_रेव्ह_सी

मी पीएचपीवाला नाही, कारखान्याचं स्टोअर बघतो, पोरगा हे वापरतो म्हणून वाचतोय. आमच्यात ड्रॉइंगची नवी रेव्हिजन आली म्हणून जुनं फिक्स्चर (भाग पकडून ठेवायची चौकट) भंगारात घालत नाहीत. पाच वर्षांनी त्याच सिलिंडरचा सुटा भाग मागायला माणूस दारात येतोय की.

तिळकवाडी_टर्मिनल

काका, आणि त्याला तो भाग फुकट देता?

उद्यमबाग_रेव्ह_सी

नाही. बिल लावतो. नव्यापेक्षा जास्तच लावतो, सेटिंग परत करावं लागतं म्हणून. बरं, हा मुद्दा तुमचा.

निपाणी_रात्रपाळी

तुम्ही सगळे मागे बघून भांडताय, मला त्रास पुढचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२ आलं. मी त्याच आठवड्यात अपग्रेडला बसलो. बाकी सगळी पॅकेजेस तयार, आणि कंपोजर अडला कुठे, तर या टूलवर! टूलच्या कंपोजर फाइलमध्ये तुम्ही लाराव्हेल ११ पर्यंतच चालेल असं लिहिलेलं. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर जे जातसुद्धा नाही, नुसतं माझ्या लॅपटॉपवर चालतं, त्याने अख्खं ॲप अडवलं. सगळं वऱ्हाड तयार आणि एका करवलीसाठी वरात खोळंबली.

शेवटी फोर्क केला, म्हणजे टूलची माझी वेगळी प्रत काढली, एक ओळ बदलली. चाललं, दुसरं काहीही बदलावं लागलं नाही. मर्दा, वरची मर्यादाच काढून टाका की.

तिळकवाडी_टर्मिनल

मर्यादा काढणार नाही. एकदा हात पोळलाय.

लाराव्हेल ९ मध्ये नव्या ॲपचं भाषांचं फोल्डर `रिसोर्सेस`मधून बाहेर, थेट मुळाशी आलं. आमच्या टूलमध्ये वरची मर्यादा तेव्हा नव्हतीच, जुना पत्ता कायमचा लिहिलेला. त्याने काय केलं? एरर दिली असती तर बरं झालं असतं. त्याने शून्य फाइल्स तपासल्या आणि हिरव्या अक्षरांत सांगितलं, राहिलेल्या ओळी ०. दोन आठवडे मी खुशीत होतो.

खानापूर_लोकल

हा दोष नव्या आवृत्तीचा नव्हे, तुमचा. फोल्डर कुठे आहे हे फ्रेमवर्कलाच विचारायची सोय, `लँगपाथ`, आधीपासून होती. जुनं फोल्डर असलं तर ९ सुद्धा तेच धरतं. विचारलं असतंत तर एकच कोड दोन्हीकडे चालला असता.

तिळकवाडी_टर्मिनल

मान्य. आणि फोल्डर सापडलं नाही तर टूलने बोंब मारायला पाहिजे होती. आता मारतं.

शहापूर_माग

रिॲक्टवाल्यांचा (वेबच्या स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) अनुभव सांगते. आमच्या सगळ्या चाचण्या एन्झाइम या रिॲक्टच्या चाचणी-टूलवर होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये रिॲक्ट १७ आलं. त्यात वापरणाऱ्यांसाठी नवीन सोयी जवळजवळ नव्हत्याच, तरीही एन्झाइमला रिॲक्टशी जोडणारं अधिकृत अडॅप्टर १६ वरच थांबलं. ते टूल रिॲक्टच्या पोटात हात घालून काम करत होतं, त्यामुळे आतलं काही हललं की याचं कोसळायचं. आम्ही चाचण्या नव्याने लिहिल्या, आणि जुन्या कुणाला कळत नव्हत्या हे तेव्हा कळलं. तेव्हा किती आवृत्त्या ठेवायच्या ते नंतर बघा. आधी टूल उघड्या दाराने आत जातंय की खिडकीतून, ते तपासा.

तिळकवाडी_टर्मिनल

तपासलं. दोन खिडक्या सापडल्या, दोन्ही माझ्याच.

बरं, ९ जाणार, त्यावर मी हलणार नाही. १० साठी कोडची वेगळी शाखा ठेवतो, पण तिथे दुरुस्त्या आणणं खानापूरकरांनी बघायचं. निपाणीकरांसाठी दर सोमवारी लाराव्हेलच्या येणाऱ्या आवृत्तीवर आपोआप चाचणी लावतो. पास झाली तर मर्यादा आधीच वाढवून ठेवू.

निपाणी_रात्रपाळी

आधीच म्हणजे कधी? मी फोर्क ठेवणार, तारीख दिसल्याशिवाय काढत नाही.

खानापूर_लोकल

शाखा घेतो. रविवारीच बघणार, मधल्या दिवशी कुणी फोन करायचा नाही. होस्टिंगवाल्याला ८.२ साठी परत मेल टाकलाय, हा तिसरा.